मित्रानुराग

सल्लेखनेच्या व्रताला पाच अतिचार सांगितले आहेत. जगत राहावे ही इच्छा, मरण लवकर यावे ही इच्छा, मित्रांविषयीचा अनुराग, भोगलेल्या सुखांचे स्मरण आणि पुढील जन्मासाठी केलेले मागणे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ही यादी येते आणि पर्युषणातील व्याख्यानांत ती अनेकांनी ऐकलेली असते. जगण्याचा लोभ हा दोष का, हे लगेच कळते. मरणाची घाई हाही दोष का, हे थोड्या विचाराने कळते. तिसऱ्या अतिचारापाशी मात्र ऐकणारा थबकतो. संथारा घेतलेल्याने मित्रसुद्धा मनातून खाली ठेवायचे. एका पेढीवर घालवलेली वर्षे, एकत्र केलेल्या यात्रा, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतील येणेजाणे, हे सगळे गाठोडे सोडूनच पुढे जायचे. हा नियम जाणाऱ्यासाठी आहे. मागे राहणाऱ्या मित्रांवर शास्त्राने असे कोणतेही बंधन घातलेले नाही.

जून १९४७ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात सत्तर वर्षांचे एक वृद्ध सुमारे महिनाभराच्या उपवासानंतर शांतपणे गेले. ते जन्माने जैन नव्हते आणि जैन दीक्षाही त्यांनी कधी घेतली नव्हती. जगभर त्यांची ओळख बौद्ध धर्माचे पंडित अशी होती. तरी त्यांच्या निकटच्या मित्रांत जैन पंडित होते, त्यांच्यावर रागावलेल्यांतही जैन होते, आणि त्यांनी मागे ठेवलेले हस्तलिखित भगवान पार्श्वनाथांच्या धर्मावर होते. धर्मानंद दामोदर कोसंबी हे त्यांचे नाव. पुण्यात हे आडनाव आज बहुधा त्यांच्या पुत्रामुळे, गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी यांच्यामुळे ओळखले जाते. वडिलांचे नाव पाली शिकणाऱ्यांपुरते उरले आहे. जैन घरांत तर ते क्वचितच निघते, आणि निघाले तर एका जुन्या वादाच्या संदर्भात निघते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. पोर्तुगीज अंमल, घरची नारळाची बागायत आणि शिक्षण गावच्या शाळेइतकेच. बागायतीची देखरेख करीत आयुष्य गेले असते. पण १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ नावाचे मुलांचे एक मराठी मासिक त्यांच्या हाती पडले. त्यात बुद्धाचे छोटेसे चरित्र होते. मुलांसाठी लिहिलेल्या त्या मजकुराने विशीतल्या या तरुणाला असे धरले की बुद्धाचा धर्म मुळातून समजून घेतल्याशिवाय जगण्यात अर्थ नाही, असे त्याला वाटू लागले. त्यासाठी आधी संस्कृत यायला हवे, आणि संस्कृतासाठी पुणे. १८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिली.

इथे क्षणभर थांबायला हवे. जैन परंपरेत दीक्षेची इच्छा कितीही तीव्र असली तरी घरच्यांची आज्ञा घेतल्यावाचून गुरू दीक्षा देत नाहीत. ज्याच्या जाण्याने घराचा आधार जातो, त्याने घराला विचारूनच जावे, असा त्यामागचा विवेक आहे. धर्मानंदांच्या प्रवासांचे वर्णन करताना चरित्रकार भारावून जातात, ते योग्यच आहे. परंतु त्या सर्व प्रवासांचा अर्धा खर्च गोव्यात मागे राहिलेल्या बाळाबाईंनी भरला, हे खात्यावर स्पष्ट लिहिले पाहिजे. धर्मानंदांनी पुढे ‘निवेदन’ या आत्मकथनात स्वतःला फारसे पाठीशी घातलेले नाही. १९२४ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीतल्या प्रांजळ आत्मचरित्रांत मोडते.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांना आधार दिला. पण बुद्धाचा धर्म जिथे जिवंत आहे तिथे जाऊनच तो शिकावा, ही ओढ त्यांना पुण्यात बसू देईना. ग्वाल्हेरमार्गे ते काशीला गेले. तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन केले. नेपाळात बौद्ध धर्म सापडेल म्हणून हिमालयाची वाट तुडवली आणि तेथे पदरी निराशा आली. मग बोधगया, कलकत्ता आणि समुद्र ओलांडून श्रीलंका. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगल यांच्यापाशी त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पाली शिकण्यास प्रारंभ केला. तिथला आहार प्रकृतीला मानवेना, म्हणून मद्रास, आणि पुढे ब्रह्मदेश. सगाईंच्या टेकड्यांत न्यानतिलोक या जर्मन भिक्षूबरोबर त्यांनी ध्यानाभ्यास केला. परत आल्यावर बुद्धाच्या पदस्पर्शाने पावन झालेली सारनाथ, कुशिनारा, लुंबिनी, राजगीर ही स्थाने पाहिली. यातली राजगीर ही जैनांचीही राजगृही. त्या टेकड्यांवर भिक्षू धर्मानंद फिरले तेव्हा दोन्ही परंपरांच्या पाऊलवाटा एकच आहेत, हे त्यांना पायांनीच कळले असणार.

१९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवले आणि कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात अध्यापन स्वीकारले, पुढे विद्यापीठातही शिकवले. जे शिकलो ते महाराष्ट्राला मिळाले पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट इतकीच की महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्यातला याहून कितीतरी मोठा पगार सोडून धर्मानंदांनी हे ५० रुपये घेतले. व्यापारी घराला हा व्यवहार उलटा वाटेल, आणि ज्या माणसाने आयुष्यभर असेच उलटे व्यवहार केले त्याच्या मुलाबाळांनाही तो सोपा गेला नसेल. पण ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे १९१० सालचे पुस्तक आणि त्यानंतरची मराठीतील कित्येक पुस्तके त्याच व्यवहारातून निघाली.

मग अमेरिका. हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम अर्धवट ठेवून देह ठेवला होता. ते पुरे करण्यासाठी धर्मानंदांना १९१० साली बोलावणे आले. दोन वर्षे काम करून ते परतले ते मतभेद होऊन. ग्रंथावर नाव कोणाचे आणि कशा प्रकारे यावे, हा प्रश्न होता. श्रम एकाचे आणि सही दुसऱ्याची, हा प्रकार बाजारपेठेत नवा नाही. विद्येच्या पेठेतही तो नवा नाही. पुढे १९१८ ते १९२२, १९२६–२७ आणि १९३१–३२ असे आणखी तीन वेळा ते त्याच ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डला गेले. १९१८ च्या खेपेस मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर नेले. माणिकने तेथूनच पदवी घेतली.

पहिल्या आणि दुसऱ्या अमेरिकावारीच्या मधली सहा वर्षे, १९१२ ते १९१८, पुण्याची. फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. ज्यांच्या हाती कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती ते विद्यापीठीय वर्ग शिकवू लागले. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली आणि त्या विषयाला विद्यार्थी मिळवून दिले. पुढे पालीचे मोठे अभ्यासक म्हणून नावारूपाला आलेले पु. वि. बापट त्यांचे विद्यार्थी. चिमणरावांना जन्म देणारे चिं. वि. जोशी पालीचे प्राध्यापक होते हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांनीही पालीचे धडे धर्मानंदांपाशीच घेतले.

पुण्यात त्या काळी प्राच्यविद्येचे मोठे वातावरण होते आणि जैन विद्येला त्यात मानाचे स्थान होते. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि डेक्कन कॉलेजमधील सरकारी हस्तलिखितांचा संग्रह तेथे आला. त्यात जैन हस्तलिखितांचा वाटा फार मोठा आहे. ती पाहायला मुनी जिनविजयजी पुण्यास आले आणि येथेच काही वर्षे रमले. १९१९ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेत त्यांनी आचार्य हरिभद्रसूरींच्या काळासंबंधी संस्कृतातून निबंध वाचला. भवानी पेठेतून मोतीलाल लाधाजी यांनी चालविलेल्या ‘आर्हतमतप्रभाकर’ मालेत जैन न्यायाचे ग्रंथ छापले जाऊ लागले, तेही पुढे याच शहरात. व्यापाराची पेठ आणि ग्रंथांची पेठ एकमेकींपासून तशा दूर नव्हत्या.

जिनविजयजी पुण्यात होते तेव्हा धर्मानंद अमेरिकेत होते. दोघे खऱ्या अर्थाने एकत्र आले ते अहमदाबादेत. गांधीजींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिराचे आचार्यपद जिनविजयजींकडे आले, त्यासाठी त्यांनी मुनिवेषाचे बंधन सोडले. १९२२ मध्ये धर्मानंद तेथे दाखल झाले. पंडित सुखलालजी तेथे होते, पंडित बेचरदास दोशी होते. ही मंडळी कशी होती ते पाहण्यासारखे आहे. धर्मानंदांनी चीवर उतरवलेले, जिनविजयजींनी मुनिवेष सोडलेला. बेचरदासांना आगमांविषयीच्या एका व्याख्यानावरून अहमदाबादच्या संघाने बाहेर केलेले. आणि सुखलालजी सोळाव्या वर्षी देवीच्या रोगात दृष्टी गमावलेले, व्यापारी घरातले, कानांनी ऐकून सारे दर्शनशास्त्र आत्मसात केलेले. कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत न मावणारी ही माणसे एका छताखाली बसून ग्रंथ शोधत होती. सुखलालजी आणि बेचरदास ‘सन्मतितर्क’ या सिद्धसेन दिवाकरांच्या ग्रंथाचे संपादन करीत होते आणि शेजारी धर्मानंद पाली ग्रंथांवर लिहीत होते. काका कालेलकर हेही त्याच परिवारातले. ते मूळचे साताऱ्याचे आणि फर्ग्युसनचेच पदवीधर.

बौद्ध आणि जैन पंडितांनी एकमेकांचे ग्रंथ वाचण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हरिभद्रसूरी बौद्ध तर्कशास्त्र जाणत होते. पण त्या वाचनात पुष्कळदा खंडनाचा हेतू असे. अहमदाबादेत जे घडले त्याचा रंग निराळा होता. आपल्या ग्रंथातले एखादे अडलेले वाक्य शेजाऱ्याच्या ग्रंथात उलगडते, हा अनुभव दोन्ही बाजूंना येत होता. पाली त्रिपिटकात निर्ग्रंथांचे उल्लेख विपुल आहेत. ‘दीघनिकाया’तील सामञ्ञफलसुत्तात निगंठ नातपुत्तांच्या तोंडी चातुयामसंवराचा उल्लेख येतो. ‘उत्तराध्ययन’ सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात केशी आणि गौतम यांचा जो प्रसिद्ध संवाद आहे, त्यात पार्श्वनाथांचा चार यामांचा धर्म आणि महावीरांचा पाच महाव्रतांचा धर्म यांतील भेदाचा खुलासा होतो. दोन्ही जागा शेजारी ठेवल्या म्हणजे पार्श्वनाथांची परंपरा महावीरांच्या पूर्वीपासून जिवंत होती, याला बाहेरचा साक्षीदार मिळतो. जैन इतिहासाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

१९२९ मध्ये धर्मानंद लेनिनग्राडला गेले. तेथे श्चेरबात्स्की या रशियन विद्वानाच्या संस्थेत बौद्ध विद्येचे काम चाले. परत आले ते १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. त्यानंतर पुन्हा हार्वर्ड, मग काशी. सुखलालजी तेव्हा बनारस हिंदू विद्यापीठात जैन दर्शन शिकवीत होते, त्यामुळे जुना सहवास पुन्हा जुळला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजन विहार’ उभारून त्यांनी काही काळ तिथे काम केले. ज्याने तीन खंड पाहिले तो माणूस उतारवयात गिरणी कामगारांच्या शेजारी राहायला गेला, हे त्याच्या स्वभावाला धरूनच होते.

आता तो वाद. ‘भगवान बुद्ध’ हा धर्मानंदांचा मराठी ग्रंथ १९४० आणि १९४१ मध्ये दोन भागांत निघाला. बुद्धाच्या अखेरच्या भोजनाचा प्रश्न सोडविताना त्यांनी असे मांडले की त्या काळचे श्रमण भिक्षेत जे पडेल ते घेत आणि निर्ग्रंथ साधूही त्याला अपवाद नव्हते. पुराव्यादाखल त्यांनी ‘आचारांग’ आणि ‘दशवैकालिक’ या आगमांतील काही वाक्ये दिली. जैन समाजातून मोठा विरोध झाला. तो समजण्यासारखा होता. ज्या समाजाने कंदमुळांतील जीवांचाही विचार केला, त्याच्या साधूंविषयी असे विधान घराघरांत जखम करणारच.

या वादाला जुनी पार्श्वभूमी होती. हेर्मान याकोबी यांनी १८८४ साली ‘आचारांगा’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच शब्दांच्या अर्थावरून जैन समाज अस्वस्थ झाला होता. टीकाकारांच्या परंपरेतील एक अर्थ असा की ती वनस्पतींची वर्णने आहेत. जिथे मांस म्हटले आहे तिथे फळाचा गर आणि जिथे अस्थी म्हटले आहे तिथे बी समजावे. आजही वैद्यकग्रंथांत फळाच्या गराला हे शब्द लावलेले आढळतात, म्हणजे हा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही. याकोबींनी पुढे १९२८ मधील एका पत्रात आपला आधीचा अर्थ बदलला. धर्मानंदांनी तो बदलला नाही. पाली ग्रंथांच्या सवयीने त्यांनी शब्दाचा सरळ अर्थ घेतला आणि जैन टीकाकारांना द्यायला हवे तेवढे वजन दिले नाही, हा त्यांच्यावरील आक्षेप खरा मानावा लागतो. परंतु त्यांचा हेतू जैनांना कमीपणा आणण्याचा होता, हा आरोप टिकत नाही. ज्या वाक्यात त्यांनी निर्ग्रंथांविषयी लिहिले त्याच वाक्यात ते ज्याला आयुष्य वाहिले त्या बुद्धाविषयीही तेच लिहीत होते.

या गदारोळात जैन मित्रांनी काय केले? सुखलालजींनी मैत्री तोडली नाही आणि प्रश्नही टाळला नाही. ‘निर्ग्रंथ संप्रदाय’ या हिंदी निबंधात त्यांनी आहाराच्या या विषयाची शांतपणे, इतिहासाच्या अंगाने चर्चा केली. मतभेद लिहून मांडायचा आणि माणूस जवळ ठेवायचा, ही गोष्ट बोलायला सोपी आहे. ज्या समाजात रोटीबेटी, देवघेव, धर्मादाय संस्थांचे विश्वस्तपण सगळे एकमेकांत गुंतलेले असते, तिथे समाजाच्या रोषाच्या माणसाशी उघड मैत्री ठेवायला पंडिताला काय किंमत द्यावी लागते, हे बेचरदासांनी आधीच पाहिलेले होते.

धर्मानंदांनी स्वतः या वादाला जे उत्तर दिले ते कोणालाच अपेक्षित नव्हते. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना, त्यांनी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक लिहिले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे चार याम. त्यांचे म्हणणे असे की भारतातील श्रमण परंपरेचा पाया पार्श्वनाथांनी घातला आणि बुद्धाचा मार्गही त्याच पायावर उभा राहिला. बुद्धाचा चुलता वप्प शाक्य हा निर्ग्रंथांचा श्रावक होता, हे ‘अंगुत्तरनिकाया’वरून आणि त्याच्या अट्ठकथेवरून कळते. म्हणजे कपिलवस्तूत पार्श्वपरंपरेचा प्रवेश झालेला होता. ‘मज्झिमनिकाया’त बुद्ध आपल्या बोधीपूर्वीच्या तपाचे वर्णन करतो, त्यात नग्न राहणे आणि केशलोच करणे यांचा उल्लेख आहे. जैन वाचकाला ही चर्या परकी वाटत नाही. बौद्ध विद्येसाठी चार वेळा अमेरिका आणि एकदा रशिया गाठलेला हा पंडित अखेर भगवान पार्श्वनाथांच्या दारी येऊन उभा राहिला.

पुस्तक गोड बोलणारे नाही. राजे आणि धनिक यांच्या आश्रयाने धर्मसंप्रदायांचे काय होते, याविषयी त्यात कडक टीका आहे आणि तिच्यातून जैन व बौद्ध दोघेही सुटत नाहीत. अहिंसेला अपरिग्रहाची जोड नसेल तर ती लंगडी पडते, हा त्याचा रोख आहे. दुकानाच्या गल्ल्याजवळ बसून हे पुस्तक वाचणाऱ्याला चुळबुळ होते. पण परिग्रहपरिमाणाचे अणुव्रत श्रावकाला कोणी बाहेरच्याने दिलेले नाही. ते आपल्याच ग्रंथांतून येते. आणि ही टीका करणाऱ्याने स्वतःच्या पगाराच्या बाबतीत काय केले होते, ते वर आलेच आहे.

याच पुस्तकात मरणाविषयीचा विचारही आहे. शरीर निकामी झाले, इतरांवर नुसता भार पडू लागला, तर अन्नत्याग करून देह ठेवण्याची पार्श्वनाथांच्या श्रमणांची रीत त्यांना मान्य होती. लिहिल्याप्रमाणे वागायची सवय असल्याने १९४६ मध्ये उत्तर प्रदेशात सरयूकाठच्या दोहरीघाट येथे त्यांनी अनशन आरंभले. गांधीजींनी आणि इतरांनी आग्रह करून ते सोडवले. मित्रांसाठी त्यांनी पुन्हा अन्न घेतले. व्रताच्या काटेकोर भाषेत बोलायचे तर हा मित्रानुरागच झाला.

पण प्रकृती सावरली नाही. मे १९४७ मध्ये ते सेवाग्रामला होते आणि तेथे पुन्हा अन्नत्याग सुरू झाला. गांधीजी फाळणीच्या धामधुमीत दिल्लीत अडकलेले. आश्रमातील बलवंतसिंह यांनी शुश्रूषा केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात धर्मानंद गेले. मागे ठेवलेल्या सूचना थोड्या होत्या. दहन किंवा दफन यांत जे कमी खर्चाचे असेल ते करावे. पाली शिकण्यासाठी विद्यार्थी श्रीलंकेला पाठवावेत. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांची आठवण काढली तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक खंतही होती: स्वतःचा डंका पिटणाऱ्यांना हा देश डोक्यावर घेतो आणि मुकाट्याने काम करणाऱ्यांना ओळखत नाही.

हे मरण सल्लेखना म्हणावे काय? समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य आणि उपाय न चालणारा रोग ही कारणे दिली आहेत. त्यांतली दोन धर्मानंदांना लागू होती. गुरूची आज्ञा, आलोचना, क्रमाक्रमाने आहार कमी करणे हा विधी मात्र परंपरेप्रमाणे झालेला नव्हता, आणि विधीवाचून ते व्रत नव्हे असे कोणी म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. १९५५ साली कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना झाली, तिच्याशी तुलना करून पाहिले म्हणजे फरक कळतो. तेथे सारा संघ साक्षीला होता. सेवाग्रामच्या खोलीत अशी गर्दी नव्हती. तथापि पाच अतिचारांच्या कसोटीवर पाहिले तर जगण्याचा लोभ नाही, पुढच्या जन्माचे मागणे नाही, सुखांची उजळणी नाही. मरणाची घाई होती का, यावर दोन मते होऊ शकतात. गांधीजींनी पहिल्या वेळी थांबवले ते बहुधा याच शंकेने.

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीला बसवले आणि देशभर जैन समाज मूकमोर्चांनी रस्त्यावर आला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या दिवसांत संथारा ही पंथापुरती अंधरूढी नव्हे, विचारी माणसाने समजून उमजून स्वीकारलेला मार्ग आहे, हे बाहेरच्या जगाला पटवून देण्याची निकड होती. विनोबांच्या पवनारमधील प्रायोपवेशनाचा दाखला पुष्कळांनी दिला. धर्मानंदांचा दाखला त्याहून जवळचा होता. जन्माने परका, विद्येने बौद्ध, जगभर फिरून आलेला आणि पार्श्वनाथांचे नाव घेऊन अन्न सोडणारा साक्षीदार दुसरा कोणता मिळणार होता? पण ज्याच्याशी एकदा भांडण झाले त्याला साक्षीला बोलवायचे सुचत नाही.

‘विसुद्धिमग्ग’ची धर्मानंदांनी केलेली देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे १९४० मध्ये निघाली होती. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली, ते गेल्यानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाली. तिच्यावर संपादक म्हणून वॉरन यांचे नाव आहे आणि संशोधक म्हणून धर्मानंदांचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या भांडणाचा असा हिशेब लागला, तेव्हा तो पाहायला दोघांपैकी कोणीच नव्हते.

‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ १९४९ मध्ये धर्मानंद स्मारक ट्रस्टने मराठीत छापले. प्रास्ताविक काका कालेलकरांनी लिहिले. सुखलालजींनी गुजरातीतून त्यांच्या आठवणी लिहिल्या. मुंबईत हिराबागेजवळ ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ चालविणारे पंडित नाथूराम प्रेमी हे जैन साहित्याचे मोठे संशोधक आणि व्यवसायाने प्रकाशक. त्यांचा हेमचंद्र हा मुलगा ऐन तारुण्यात गेला, आणि त्याच्या नावाने प्रेमींनी एक पुस्तकमाला सुरू केली. धर्मानंदांच्या या पुस्तकाचा हिंदी अनुवाद त्या ‘हेमचंद्र मोदी पुस्तकमाले’त निघाला.